गळ्यात पडलेलं डोमेन कागदावर कसं आणायचं

सिस्टिम ॲडमिन म्हणून नवीन लागलात की बहुतेक वेळा आधीच चालू असलेलं विंडोज डोमेन (ॲक्टिव्ह डिरेक्टरीने सांभाळलेले कंपनीचे कॉम्प्युटर आणि युजर) गळ्यात पडतं, आणि हँडओव्हर म्हणून काय तर एक एक्सेल शीट ज्यात निम्मे आयपी जुने, आणि पासवर्डची वही. मग साहेब म्हणतात जरा डॉक्युमेंटेशन करून घे, आणि नवीन पोरगं पहिलं काय उघडतं तर व्हिजिओ, म्हणजे नेटवर्कचं चित्र काढायचं सॉफ्टवेअर. माझं सरळ म्हणणं आहे की चित्र सगळ्यात शेवटी. आधी मशीनलाच विचारा, कारण माणसं आठवणीतून सांगतात आणि त्यांच्या आठवणीतला सर्व्हर कधीचाच भंगारात गेलेला असतो.

सुरुवात डोमेन कंट्रोलरपासून (डीसी, म्हणजे डिरेक्टरी ठेवणारा आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर) करा. "नेटडॉम क्वेरी एफएसएमओ" एवढी कमांड मारली की स्कीमा मास्टर, पीडीसी एम्युलेटर वगैरे पाचही खास रोल (प्रत्येक रोल एका वेळी एकाच डीसीकडे असतो) कुठल्या डीसीवर बसलेत ते कळतं. मग रेपॲडमिनची समरी (डीसी आपसात डेटा जुळवतात का, म्हणजे रेप्लिकेशन) आणि डीसीडायग (डीसीची तब्येत), सगळ्याचं आउटपुट टेक्स्ट फाइलमध्ये घ्या, स्क्रीनवर बघून सोडून देऊ नका. एखादा डीसी बराच काळ रेप्लिकेशनमधून तुटलेला दिसला तर तो जोडायची घाई करू नका, टूमस्टोन लाइफटाइम (डिलीट झालेल्या गोष्टीची नोंद डिरेक्टरीत किती दिवस राहते ते) साधारण 180 दिवस असतो, जुन्या फॉरेस्टमध्ये (डोमेनचा सगळ्यात वरचा गट) 60 पण सापडतो, त्याच्या पलीकडे गेलेला डीसी परत जोडला तर कधीच डिलीट झालेली अकाउंट परत डोकं वर काढू शकतात. आत्ता फक्त नोंद करा.

डिरेक्टरीची बहुतेक माहिती वाचायला साधा डोमेन युजर पुरतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून डोमेन ॲडमिनने लॉगिन करून फिरायची काही गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं एडी एक्सप्लोरर घ्या, फुकट आहे, ते पूर्ण डिरेक्टरीचा स्नॅपशॉट एका फाइलमध्ये काढतं आणि नंतर नेटवर्कशिवाय निवांत बघता येतं. ती फाइल मात्र जपून ठेवा, सगळ्या कंपनीची कुंडली असते त्यात. ग्रुप पॉलिसीसाठी (कॉम्प्युटर आणि युजरवर डोमेनमधून लागणारी सेटिंग) पॉवरशेलचं गेट-जीपीओरिपोर्ट सगळ्या पॉलिसींवर चालवा, एचटीएमएल रिपोर्ट मिळतो, आणि "टेस्ट", "टेस्ट न्यू", "फायनल टेस्ट" असल्या नावांच्या पॉलिसी खऱ्याखुऱ्या ओयूला (युजर-कॉम्प्युटर ठेवायचे डिरेक्टरीतले कप्पे) लिंक झालेल्या बघायची मानसिक तयारी ठेवा. डोमेनची सिक्युरिटी तपासणाऱ्या पिंगकॅसल टूलचा हेल्थचेक पण चालवा, सिक्युरिटीचा स्कोअर बघून साहेब घाबरतील पण ट्रस्ट (दुसऱ्या डोमेनशी जोडलेलं विश्वासाचं नातं), जुनी अकाउंट, ॲडमिन ग्रुपमधली माणसं असं बरंच एका जागी मिळतं.

जुनी अकाउंट शोधताना लास्ट लॉगऑन टाइमस्टॅम्पवर आंधळा विश्वास नको, तो मुद्दामच 9 ते 14 दिवस मागे राहू शकतो. व्हीएमवेअर (एका मशीनवर अनेक व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारं) असेल तर आरव्हीटूल्स चालवा, व्हीएमची अख्खी यादी एक्सेलमध्ये येते. स्विचवर सीडीपी किंवा एलएलडीपीचे (शेजारच्या डिव्हाइसला स्वतःची ओळख सांगणारे प्रोटोकॉल) नेबर बघितले की कुठली केबल कुठे जाते ते बरंचसं कळतं. एनमॅप (नेटवर्क स्कॅन करायचं टूल) लेखी परवानगी घेऊनच चालवा, आणि कारखान्यात असाल तर पीएलसीच्या (मशीन चालवणारे कंट्रोलर) सबनेटकडे वाकडी नजर पण नको, जुने कंट्रोलर स्कॅनने हँग होतात आणि लाइन थांबली की तुमचं नाव होतं.

आता जो भाग बहुतेक जण सोडतात तो. प्रत्येक सर्व्हरवर सर्व्हिसेसची यादी काढा आणि त्यातला "लॉग ऑन ॲज" चा कॉलम वाचा, तसंच शेड्युल्ड टास्क कोणाच्या नावाने चालतात ते. एका कारखान्यात मी हे केलं तर हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर नोकरी सोडून गेलेल्या ॲडमिनच्या पर्सनल डोमेन अकाउंटवर चाललेलं निघालं. एचआर त्याचं अकाउंट बंद करा म्हणून मागे लागलेलं, आणि ते बंद केलं असतं तर पुढच्या रिस्टार्टला सर्व्हिस उठलीच नसती आणि पगाराच्या आठवड्यात हजेरी गायब. तिथेच डीएचसीपीचे (कॉम्प्युटरला आपोआप आयपी आणि डीएनएसचा पत्ता वाटणारी सर्व्हिस) स्कोप ऑप्शन एक्सपोर्ट केले तर दुसरा डीएनएस म्हणून जो आयपी वाटला जात होता त्या पत्त्यावर कोणी राहतच नव्हतं. असल्या गोष्टी कुठल्याही चित्रात दिसत नाहीत.

टूल काय आहे ते सांगतं, का आहे ते सांगत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या यादीच्या शीटमध्ये दोन कॉलम वाढवा, "हे कोणाचं" आणि "बंद पडलं तर कोण फोन करेल", आणि ते भरायला अकाउंट्स, स्टोअर, एचआर यांच्या टेबलावर जाऊन बसा, चहा घ्या, ईमेलने ही माहिती कधी येत नाही. ओएसच्या व्हर्जनचा कॉलम पण हवा, कारण विंडोज सर्व्हर 2012 आर2 चा एक्स्टेंडेड सपोर्ट ऑक्टोबर 2023 मध्येच संपला तरी तो सर्व्हर कोपऱ्यात सुखाने चाललेला सापडतो, आणि बजेट मागताना हाच कॉलम कामाला येतो.

एवढं झालं की मग ड्रॉ डॉट आयओवर चित्र काढा, एका पानात मावेल इतकंच. पासवर्ड शीटमध्ये नको, कीपासमध्ये (पासवर्ड कुलुपात ठेवणारं सॉफ्टवेअर), आणि डीएसआरएमचा (डीसी बिघडला की दुरुस्तीसाठी बूट करायचा मोड) पासवर्ड त्यात आहे ना ते आजच बघा. सगळ्याची एक कॉपी डोमेनच्या बाहेर असू द्या, फाइल सर्व्हरच बसला तर फाइल सर्व्हर कसा उठवायचा हे त्याच्यावरच ठेवून काय उपयोग.

एक्सपोर्टच्या कमांड एका स्क्रिप्टमध्ये टाकून महिन्याला शेड्युल करा, तारखेच्या नावाचं फोल्डर बनू दे. दोन महिन्यांचे फोल्डर विनमर्जमध्ये (दोन फाइलींतला फरक दाखवणारं टूल) शेजारी उघडले की डोमेन ॲडमिन्समध्ये नवीन कोण घुसलंय ते लगेच दिसतं.