पिलाटीस शिकवताना या चुका टाळा: ‘सोपं’ म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे

पिलाटीस, म्हणजे श्वास आणि धडाच्या स्थिरतेवर भर देणारी, मॅटवर किंवा स्प्रिंगच्या यंत्रांवर करायची व्यायामपद्धती, शिकवायला लागले तेव्हा माझ्याकडे प्रत्येक व्यायामाचे तीन प्रकार तयार असायचे: सोपा, मध्यम, अवघड. वय झालंय, काही दुखतंय, तर सोपा. तरुण आहे, अंग लवचिक आहे, तर अवघड. ही वाटणी मला बरीच वर्षं पटत होती. आज माझं ठाम मत आहे की निरनिराळ्या शरीरांच्या माणसांना शिकवताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ तिच्यातच असतं. व्यायाम सोपा की अवघड हा प्रश्न नंतरचा. या माणसासाठी तो कशासाठी आहे आणि त्यात त्याच्या शरीरावर भार नेमका कुठे येतो, हे आधी कळायला हवं.

हाडं ठिसूळ असताना ‘नवशिक्यांचे’ व्यायाम देणं

सगळ्यात महागात पडू शकणारी चूक ही. रोल अप (उताणं झोपून पाठ गोल करत उठून बसणं), चेंडूसारखं लोळणं, बसून पुढे वाकत पाठ ताणणं हे व्यायाम नवशिक्यांच्या यादीत असतात. वजन नाही, यंत्र नाही, दिसायला निरुपद्रवी. पण पाठीचा कणा पुढे गोल झाला की दाब मणक्यांच्या पुढच्या भागावर येतो, आणि ऑस्टिओपोरोसिसमध्ये मणके दबून मोडतात ते बहुधा तिथेच.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या सिनाकी आणि मिकेलसन यांनी १९८४ साली ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. रजोनिवृत्तीनंतर कण्याचा ऑस्टिओपोरोसिस झालेल्या या स्त्रिया. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के जणींना मणक्यांची नवी मोड आढळली, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के. अभ्यास लहान होता, त्यामुळे आकडे घोकू नका. दिशा मात्र लक्षात ठेवा.

मग द्यायचं काय? पालथं झोपून छातीचं हाड जरासं उचलणं, कुशीवरचं पायांचं काम, पाठ सरळ ठेवून कंबरेच्या सांध्यातून झुकणं, उभं राहून तोल सांभाळणं. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. चाळीस मिनिटं आपण अशा विद्यार्थिनीला पुढे वाकू देत नाही, आणि तास संपला की ती उताणी असतानाच झटक्यात उठून बसते. तोच तर रोल अप, तोही घाईत केलेला! कुशीवर वळून, हाताने रेटा देत उठणं हा पहिल्या दिवशी शिकवायचा व्यायाम आहे.

‘पाठदुखी’ हा एकच आजार समजणं

फॉर्मवर ‘पाठदुखी’ लिहिलेली दोन माणसं शेजारी शेजारी मॅटवर असतात आणि दोघांची गरज अगदी उलटी असू शकते. मणक्यांमधली चकती सरकलेल्या बऱ्याच जणांना वाकून, बराच वेळ बसून दुखणं वाढतं. मणक्यातला नसांचा मार्ग अरुंद झालेल्यांना उभं राहून, चालून त्रास होतो. ट्रॉलीवर किंवा कठड्यावर पुढे झुकलं की बरं वाटतं. पहिल्याला स्वानची (पालथं झोपून छाती उचलत पाठ मागे वळवण्याच्या व्यायामाची) हलकी तयारी सुखावते, दुसऱ्याला तीच नकोशी होते. मणका पुढे सरकलेला असेल तर पाठ मागे वळवणं मीही टाळते.

निदान करणं आपलं काम नाही. पण ‘काय केल्यावर वाढतं, काय केल्यावर उतरतं?’ एवढं विचारणं नक्कीच आपलं काम आहे. आणि मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही ऐकलं तर तास तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, त्यासोबत ताप किंवा कारण नसताना उतरलेलं वजन हेसुद्धा आपल्या हातातलं नाही.

कमी स्प्रिंग म्हणजे हलकं काम, हा समज

रिफॉर्मरवर, म्हणजे स्प्रिंगांना जोडलेली सरकती फळी (कॅरेज) असलेल्या यंत्रावर, नवे शिक्षक हटकून इथे अडकतात. पाठीवर झोपून फुटवर्क (पायांनी दांडा रेटणं) करताना जास्त स्प्रिंग म्हणजे जास्त मेहनत, हे खरं. पण कॅरेजवर प्लँक (हात-पायांवर शरीर सरळ तोलून धरणं) घेतला की उलटं होतं. स्प्रिंग कमी केल्या की कॅरेज पळायला लागते आणि तिला आवरताना पोट, खांदे सगळं पणाला लागतं. पाय पट्ट्यांत घातलेले असतानाही तसंच: स्प्रिंग पायांचं वजन पेलत असते. ती हलकी केली की कंबर कॅरेजवरून सुटून कमान होते. ‘नाजूक आहेत, एकच हलकी स्प्रिंग लावू’ असं म्हणून आपण त्या माणसाचा आधारच काढून घेतो.

कंबरेचा सांधा बदललेल्यांबाबत स्प्रिंगआधी कॅरेजची जागा बघा. ती पूर्ण आत असताना गुडघे छातीकडे येतात आणि सांधा ९० अंशांपलीकडे दुमडतो. शस्त्रक्रियेनंतर काही महिने अनेकांना नेमकी हीच मनाई असते. कॅरेज किती आत यावी ते ठरवणारा स्टॉपर बाहेरच्या खाचेत सरकवला की प्रश्न मिटतो. कोणत्या हालचाली बंद आहेत ते शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर अवलंबून असतं, म्हणून सर्जनच्या सूचना मागून घ्या.

लवचिक माणसाला पुढे पुढे ढकलणं

ही चूक मी स्वतः केली आहे. एक मुलगी यायची, पाय सहज चेहऱ्यापर्यंत. हात-गुडघ्यांवर आली की कोपरं उलट्या बाजूला वळलेली दिसायची. ‘ताण जाणवतच नाही’ असं ती म्हणायची, आणि मी तिला आणखी पुढे न्यायचे. दोन महिन्यांनी तिची माकडहाडाजवळची बाजू दुखायला लागली. तिला जाणवत नव्हतं, याचा अर्थ हालचाल अजून शिल्लक होती असा नव्हता. ती स्नायूंऐवजी सांध्यांच्या बंधांवर लटकत होती.

अशा शरीराला टोकाच्या बरंच अलीकडे थांबवावं लागतं. कोपर-गुडघा कुलूप लावल्यासारखा ताठ नको. गती संथ हवी, आणि पाय किंवा हात कशावर तरी टेकलेला असला तर उत्तम, म्हणजे शरीराला आपण कुठे आहोत ते कळतं. वर्गात सगळ्यांत ‘पुढे गेलेली’ दिसणारी व्यक्तीच अनेकदा सगळ्यांत जास्त आवरून शिकवावी लागते.

न विचारता सुरुवात करणं

गरोदरपणाच्या साधारण मध्यापासून बराच वेळ उताणं झोपणं टाळावं. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडून चक्कर, मळमळ होऊ शकते. पाठीखाली उंच आधार द्या किंवा कुशीवर घ्या. बाळंतपणानंतर डोकं उचलताना पोटाच्या मधोमध उंचवटा वर येत असेल तर तो प्रकार सध्या बाजूला ठेवा. लघवी निसटते का, हे एकांतात आणि सरळ शब्दांत विचारा. आपण विचारलं नाही तर बहुतेक जणी आपणहून सांगत नाहीत.

काचबिंदू असेल तर डोकं छातीच्या खाली जाणारे प्रकार नकोत, कारण त्याने डोळ्यांतला दाब वाढतो. रोल ओव्हर, जॅकनाइफ हे पाय डोक्यावरून नेण्याचे प्रकार त्यातच आले. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखला जातोय का याकडे डोळा ठेवा. तो रोखला जातो ते बहुधा आपल्यामुळेच. ‘पोट आत, आणखी आत, घट्ट’ असं सारखं म्हणत राहिलं की माणूस श्वासच बंद करतो. मी आता एका वेळी एकच सूचना देते आणि दोन-तीन श्वास गप्प राहते.

मिश्र वर्गात सगळ्यांना एकच आकार करायला लावणं

हंड्रेड घ्या: उताणं झोपून, डोकं आणि पाय उचलून धरत हात वर-खाली हलवत राहायचं. पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, असे दहा फेरे. चौथ्या फेऱ्याला कोणाची तरी हनुवटी पुढे येते, मानेच्या शिरा ताणतात, पाय थरथरत खाली उतरतात. शिक्षक म्हणतो, ‘अजून थोडं!’ इथे थांबून विचारायचं, हा व्यायाम आहे कशासाठी? हात हलत असताना धड स्थिर राहावं आणि श्वास चालू राहावा, यासाठी. डोकं उचलणं आणि पाय लांब धरणं हा त्याचा एक आकार झाला.

म्हणून मान दुखणाऱ्याचं डोकं खालीच, पातळ टॉवेलवर. कंबर सुटणाऱ्याचे पाय जमिनीवर. ऑस्टिओपोरोसिस असलेल्यांनाही डोकं न उचलताच. जमिनीवर उतरणंच कठीण असेल तर खुर्चीत, पाठ टेकवून न घेता, हातात पट्टा धरून. चौघं चार तऱ्हांनी करतात, मोजणी एकच चालते आणि कोणालाच आपण मागे पडलो असं वाटत नाही. ‘ज्यांना जमत नाही त्यांनी असं करा’ हे वाक्य मी पूर्ण सोडलं. आता म्हणते, ‘मान मोकळी हवी असेल तर डोकं खाली ठेवा.’ त्यानंतर ज्यांना गरज असते ते खरंच डोकं खाली ठेवतात. आधी लाजेपायी ठेवत नसत.

या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटीस यांनी मॅटवरच्या ३४ व्यायामांचा क्रम १९४५ साली प्रसिद्ध केला. तो क्रम मौल्यवान आहेच. पण १८८३ साली जन्मलेला हा माणूस लहानपणी दमा आणि मुडदुसाने बेजार होता, हेही क्रम घट्ट धरून बसणाऱ्यांनी आठवावं.

दुसऱ्या दिवसाची चौकशी न करणं

तासाला बरं वाटलं, यावर विसंबू नका. पुढच्या वेळी आल्याबरोबर विचारा: त्या रात्री कसं होतं, सकाळी उठताना कसं होतं? स्नायूंचा दुखरेपणा एक-दोन दिवसांत ओसरतो. सांध्यात टोचलं, दुखणं पायात खाली उतरलं, किंवा जुनं दुखणं दिवसभर चढं राहिलं, तर गेल्या वेळच्या नव्या गोष्टींतली एकच काढा आणि बाकी तसंच ठेवून बघा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही. माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने असतात: ‘काय दिलं’ आणि ‘दुसऱ्या दिवशी’. तास ठरवताना मी दुसरा रकाना आधी वाचते.