कॅथलिक माणसाने लिव्हिंग विल कसे लिहावे

घर, जमीन, दागिने कुणाला जावेत हे सांगणारे मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. लिव्हिंग विल त्याच्या आधी लागते. माणूस जिवंत आहे, पण शुद्धीवर नाही किंवा स्वतःचे स्वतः ठरवू शकत नाही, आणि आयसीयूच्या दाराशी डॉक्टर विचारतात, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच लिहून ठेवलेला कागद म्हणजे लिव्हिंग विल. म्हणून हे दोन कागद एका पाकिटात ठेवू नका. तसे केले तर लिव्हिंग विल दफन आटोपल्यावरच कुणाच्या तरी हाती लागते.

कॅथलिक घरांत हा विषय निघाला की कुणीतरी म्हणते, ‘हे म्हणजे आत्महत्याच की.’ दुसरीकडे काही जण इंटरनेटवरून इंग्रजी नमुना उतरवतात, न वाचता सही करतात आणि मोकळे होतात. चर्चने उपचार थांबवायला सरसकट बंदी कधीच घातलेली नाही. पण छापील नमुन्यातले प्रत्येक वाक्य श्रद्धेला धरून असते असेही नाही. दोन-तीन जागा नीट तपासल्या तर कायद्याला चालेल आणि मनालाही पटेल असा कागद करता येतो.

चर्चची कसोटी: लाभ किती, भार किती

पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले होते की जीव राखण्यासाठी नेहमीची साधने वापरणे हे कर्तव्य आहे, असाधारण साधनांची सक्ती नाही. १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणेत हीच गोष्ट प्रमाणात असलेले आणि प्रमाणाबाहेर गेलेले उपचार अशा शब्दांत आली. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद २२७८ हा या सगळ्याचा गाभा. फार जाचक, धोक्याचे किंवा अपेक्षित फायद्याच्या मानाने अवास्तव उपचार थांबवणे योग्य ठरू शकते, कारण त्यात मृत्यू ओढवून आणायचा नसतो, तो टाळता येत नाही एवढेच स्वीकारायचे असते.

इथे महत्त्वाचे हे की कुठलेही यंत्र मुळातच साधारण किंवा असाधारण नसते. पासष्ट वर्षांच्या माणसाला न्यूमोनिया झाला आणि चार दिवस व्हेंटिलेटर लावून तो घरी परतणार असेल, तर तो व्हेंटिलेटर प्रमाणातला उपचार. तेच यंत्र सर्वांगात कर्करोग पसरलेल्या, अवयव एकेक करून निकामी होत चाललेल्या माणसाला लावले तर ते फक्त मरण लांबवते. ‘मला कधीही मशिनवर ठेवू नका’ असे लिहिणे म्हणूनच चूक. पहिल्या माणसालाही ते लागू पडेल आणि वाचू शकणारा जीव जाईल.

भार मोजताना खर्चही धरता येतो. कुटुंबावर झेपणार नाही असा खर्च लादू नये ही इच्छा रास्त आहे, हे १९८० च्या घोषणेत स्पष्ट म्हटले आहे. शेत विकून आईला आणखी दहा दिवस आयसीयूत ठेवले नाही म्हणून आयुष्यभर मनाला लावून घेणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवे.

एकदा लावलेले यंत्र काढता येत नाही, हाही गैरसमजच. न लावणे आणि लावून उपयोग होत नाही म्हणून काढणे, दोन्हींना कसोटी एकच. म्हणून डॉक्टरांशी मुदत ठरवून उपचार सुरू करणे हा फार उपयोगी मार्ग आहे: पाच-सात दिवस पूर्ण प्रयत्न करा, मग एकत्र बसून सुधारणा आहे का ते पाहू.

कोणती वाक्ये खोडायची

आपल्याकडच्या निकालांत आणि बातम्यांत ‘पॅसिव्ह युथनेशिया’ (उपचार थांबवून मरण येऊ देणे) हा शब्द सर्रास येतो. चर्चच्या भाषेत युथनेशिया म्हणजे वेदना संपवण्यासाठी हेतुपुरस्सर मरण आणणे, मग ते इंजेक्शन देऊन असो की द्यायचे ते न देऊन. त्यामुळे आपल्या कागदात तो शब्द नको. ‘मला मरण द्या’, ‘माझे आयुष्य संपवा’, ‘मी इतरांवर अवलंबून झालो तर उपचार नकोत’ ही वाक्येही नकोत. परावलंबी होणे, स्मृतिभ्रंश होणे किंवा अंथरुणाला खिळणे ही उपचार सोडण्याची कारणे नव्हेत. उपचाराचा उपयोग उरला नाही किंवा त्याचा जाच फार झाला, ही कारणे आहेत.

अन्नपाणी: इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो

बऱ्याच नमुन्यांत व्हेंटिलेटर, डायलिसिस आणि नळीतून दिले जाणारे अन्न एकाच ओळीत येतात आणि तिन्हींपुढे एकच चौकट असते. कॅथलिक माणसाने ही ओळ फोडून लिहावी. जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००४ मध्ये आणि व्हॅटिकनने ऑगस्ट २००७ मध्ये सांगितले की अन्नपाणी, नळीतून दिले तरी, तत्त्वतः साधारण आणि प्रमाणातली शुश्रूषा आहे. वर्षानुवर्षे बेशुद्ध असलेल्या माणसालाही ते द्यायचे असते. पण जोवर शरीराचे पोषण आणि पाण्याची गरज त्यातून खरोखर भागते, तोवर. व्हॅटिकनच्या २०२० च्या ‘समारितानुस बोनुस’ या पत्रानेही हीच मर्यादा आखली आहे.

व्यवहारात ही मर्यादा कशी दिसते? शेवटच्या दिवसांत आतडी काम करेनाशी होतात. नाकातल्या नळीतून दोनशे मिलिलिटर पेज घातली तर पुढच्या वेळी नळीतून ओढल्यावर ती तशीच परत येते. पोट फुगते, उलटी होते, पेज फुफ्फुसात जाते. सलाईन चालूच ठेवले तर पाय आणि हात सुजतात, छातीत घरघर वाढते. पेशंट नळी उपसतो म्हणून त्याचे हात कॉटला बांधले जातात. शरीर अन्न घेत नाही, अशा वेळी ते थांबवणे म्हणजे उपाशी मारणे नव्हे. त्यापुढची शुश्रूषा मात्र थांबत नाही. ओल्या कापसाने ओठ आणि तोंड पुसणे, गिळता येत असेल तर चमच्याने घोटभर पाणी, कूस बदलणे, अंग पुसणे. या गोष्टी कागदात नावानिशी लिहा, कारण उपचार थांबले की पेशंटकडे कुणी फिरकत नाही असे होऊ शकते.

मजकूर

भाषा साधी ठेवा. मूळ मराठीत करा आणि सोबत इंग्रजी प्रत जोडा, कारण रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला मराठी वाचता येईलच असे नाही. पुढची वाक्ये जशीच्या तशी घेतली तरी चालतील:

‘मी कॅथलिक ख्रिस्ती आहे. माझा मृत्यू घडवून आणण्याच्या हेतूने काहीही करू नये आणि काहीही टाळू नये.’

‘माझा आजार बरा होण्याची आशा नाही असे डॉक्टरांचे मत झाले आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर फक्त मरण लांबवणारे किंवा लाभापेक्षा जाच जास्त असलेले उपचार सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत. यात व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करणे आणि रक्तदाब टिकवणारी औषधे येतात.’

‘अन्न आणि पाणी, गरज पडल्यास नळीतूनही, द्यावे. माझे शरीर ते स्वीकारत नसेल किंवा त्याने मला अपाय होत असेल तरच थांबवावे.’

‘वेदना आणि धाप कमी करण्यासाठी लागेल तेवढे औषध, मॉर्फिनसुद्धा, द्यावे.’

मॉर्फिनविषयी घरच्यांना भीती वाटते. वेदनेच्या मानाने मोजून दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली, तरी हेतू वेदनाशमनाचा असेल तर चर्च ते मान्य करते. तरुण स्त्रियांनी आणखी एक ओळ घालावी: मी गर्भवती असेन तर बाळ वाचवण्यासाठी लागणारे उपचार चालू ठेवावेत.

माणूस निवडणे

तुम्ही बोलू शकत नसताना तुमच्या वतीने डॉक्टरांशी बोलणाऱ्या माणसाचे नाव कागदात घालायचे असते. कागदापेक्षा हा माणूस महत्त्वाचा, कारण कुठल्याच कागदात सगळे प्रसंग मावत नाहीत. कायदा एकापेक्षा जास्त नावे घालू देतो. दोन घाला आणि कुणाचे म्हणणे आधी हेही लिहा. थोरला मुलगा आहे म्हणून त्याचे नाव, असे करू नका. जो गावात आहे, डॉक्टरांना न घाबरता प्रश्न विचारतो आणि ज्याला तुमचे म्हणणे पटलेले आहे, तो निवडा. त्याची लेखी संमती घ्या. मग सगळ्या मुलांना एकत्र बसवून कागद वाचून दाखवा, परदेशातल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. शेवटच्या आठवड्यात विमानाने येऊन ‘सगळे करा’ म्हणणारे भावंड बहुधा तेच असते, ज्याला आधी कुणी काही सांगितलेले नसते.

साधी मुखत्यारनामा पद्धत इथे उपयोगाची नाही. आपल्याकडे देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की मुखत्यारपत्र संपते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालचे आगाऊ निर्देशपत्रही वेगळे, ते मानसिक आजाराच्या उपचारापुरते आहे.

सही आणि नोंद

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विलला मान्यता दिली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती, त्यामुळे ते कुणाला जमेना. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ते सोपे झाले. आता करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा, दोन साक्षीदारांसमोर सही हवी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन हवे. साक्षीदार शक्यतो वारस नसलेले घ्या, धर्मग्रामातले (पॅरिशमधले) शेजारी चालतील. प्रत्येक पानावर सही करा. उपनिबंधक कार्यालयात नोंदणी लागत नाही.

नंतर प्रती वाटा. एक नेमलेल्या माणसाकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, एक स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईत महापालिकेने हे काम वॉर्डांतल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिले आहे. इतरत्र महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत विचारा. खिडकीवरच्या माणसाला काही माहीत नसेल तर निकालाची तारीख सांगा, अर्ज आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय हलू नका. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतःचे लिव्हिंग विल नोंदवून तिथली सुरुवात करून दिली. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये मुळीच नको, फोटो नेमलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये हवा.

हॉस्पिटलमध्ये काय घडते

कागद दाखवला की लगेच यंत्र बंद होत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ मत देते. मग दुसरे मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. तुम्ही नेमलेल्या माणसाची संमती घेऊन, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून मग अंमल होतो. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते. लहान नर्सिंग होममध्ये एवढे तज्ज्ञ नसतात, म्हणून गंभीर आजारात कुठे भरती व्हायचे तेही आधी ठरवा.

हे माहीत नसल्याने अनेक घरांत पेशंटला ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध’ अशी सही करून घरी नेतात. मग घरी ना मॉर्फिन, ना ऑक्सिजन, ना नर्स. त्याऐवजी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेची टीम मागा. कर्करोगाच्या रुग्णांसाठी वांद्र्याचे शांती अवेदना सदन हे १९८६ पासूनचे देशातले पहिले हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह) आहे.

फादरना केव्हा बोलवायचे

लवकर. झोपेचे औषध चढवण्याच्या आधी. पापनिवेदन शुद्धीवर असतानाच करता येते आणि ख्रिस्तप्रसाद गिळता येतो तोवरच देता येतो. आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार बेशुद्ध माणसालाही देता येतो, जर शुद्धीवर असताना त्याने तो मागितला असता असे वाटत असेल; मृत्यू झालाय की नाही अशी शंका असतानाही. पण मरण निश्चित झाल्यावर नाही. म्हणून कागदाच्या पहिल्याच पानावर लिहा: ‘प्रकृती गंभीर होताच माझ्या धर्मग्रामातल्या फादरना कळवावे’, आणि खाली धर्मग्राम कार्यालयाचा फोन. आयसीयूत फक्त एक नातेवाईक सोडतात, तेव्हा फादरना आत घेण्याची परवानगी नर्सिंग इन्चार्जकडून भरती होताच मागून ठेवा.

कागद दरवर्षी वाचा, मोठ्या आजारानंतर किंवा ऑपरेशनआधी तर नक्कीच. बदल हवा असेल तर लेखी करा आणि सही, साक्षीदार, नोटरी पुन्हा घ्या. दोन कागद निघाले तर शेवटचा धरला जातो, तरी जुन्या प्रती सगळ्यांकडून परत मागून फाडा.