पत्रा फाटतो, सुरकुततो, कोन उघडतो: प्रेसकामातल्या या चुका टाळा

जॉब फाटला की पहिला हात प्रेशरच्या नॉबकडे जातो. प्रेशर उतरवलं की सुरकुत्या येतात, म्हणून ते परत चढवलं जातं, मग वरून तेल ओतलं जातं. तासाभराने नेमकं कशामुळे काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. प्रेसकामातली सगळ्यात महागात पडणारी चूक मी हीच मानतो: जॉब नीट न बघता सेटिंगला हात घालणं. चीर कुठे आहे, सुरकुती कुठून सुरू होते, बर (कापलेल्या कडेला राहणारी धारदार कोर) सगळीकडे सारखी आहे की एकाच बाजूला, एवढं पाहिलं तरी अर्धं निदान होतं. त्यानंतर बदल करायचा तो एका वेळी एकच.

डीप ड्रॉइंग: चिरेची जागा बघा

डीप ड्रॉइंग म्हणजे पत्र्याचा कापलेला सपाट तुकडा (ब्लँक) पंचने डायच्या भोकात ढकलून त्याचा कप करणं; अशा एका ओढीला ड्रॉ म्हणतात. कपच्या तळाची गोलाई संपते तिथे, किंचित वर, गोल फिरत गेलेली चीर ही नेहमीची तक्रार. पंचचा सगळा जोर भिंतीतून फ्लँजपर्यंत, म्हणजे अजून आत न गेलेल्या सपाट कडेपर्यंत, पोचतो आणि भिंत तिथेच सगळ्यात पातळ झालेली असते. फ्लँज आत सरकायला तयार नसेल तर तुटणार तीच जागा. म्हणजे दुखणं फ्लँजकडे आहे: ब्लँक होल्डरचं (फ्लँज दाबून धरणाऱ्या भागाचं) प्रेशर जास्त, डायची गोलाई लहान किंवा खरखरीत, तेल अपुरं, नाहीतर ब्लँकच फार मोठा. पहिली तीन कारणं सगळे तपासतात. चौथं कागदावर तपासायचं असतं, म्हणून राहून जातं.

समजा ५० मिमी व्यासाचा आणि ५० मिमी उंचीचा सरळ कप हवा आहे. व्यासाचा वर्ग २५००. व्यास गुणिले उंची, त्याची चौपट १०,०००. बेरजेचं वर्गमूळ साधारण ११२ मिमी, हा ब्लँकचा व्यास. ११२ भागिले ५० म्हणजे २.२४. ड्रॉइंगसाठी बनवलेला मऊ स्टीलचा पत्रासुद्धा पहिल्या ड्रॉमध्ये साधारण २ च्या आसपासच्या गुणोत्तरापर्यंतच टिकतो. मग प्रेशर कितीही फिरवा, हा कप एका ड्रॉमध्ये निघणार नाही. आधी सुमारे ६२ मिमीचा कप काढा, मग तो ५० वर आणा. यात कड कापण्यासाठीचा वाढावा अजून धरलेला नाही, तो वेगळा लागतो.

सुरकुत्यांचंही तसंच. ब्लँक आत सरकतो तसा त्याचा परीघ आकसतो, फ्लँज आडवी दाबली जाते आणि होल्डरने घट्ट धरली नसेल तर लाटा उठतात. सुरकुत्या चहूबाजूंनी सारख्या असतील तर प्रेशर थोडं वाढवा. एकाच बाजूला असतील तर मात्र प्रेशरला हात लावू नका. होल्डर डायला समांतर बसतो का, होल्डरला खालून उचलून धरणाऱ्या कुशन पिना सारख्या उंचीच्या आहेत का, ब्लँक मध्यावर बसतो का, हे बघा. डायची गोलाई पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ ते १० पट ठेवतात. ती फार मोठी केली तर पत्रा होल्डरच्या पकडीतून लवकर सुटतो आणि सुरकुत्या तिथून सुरू होतात.

तेलाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. ब्लँक दोन्ही बाजूंनी तेलात बुडवून काढायची सवय असते, पण पंचच्या टोकाखाली घर्षण हवंच असतं. पंच पत्र्याला धरून ठेवतो, त्यामुळे तळाजवळचा भाग ताणून पातळ होत नाही. तेल लागतं ते फ्लँजवर, डायच्या आणि होल्डरच्या बाजूला. पंचखालचा मधला भाग कोरडा ठेवून बघा, पुष्कळदा तेवढ्याने चीर थांबते.

कपच्या कडेला चार कान आले तर डाय हलवू नका. रोलिंगमुळे पत्र्याचे गुण प्रत्येक दिशेला सारखे राहत नाहीत, त्याचा हा परिणाम. कड कापायला वाढावा ठेवा. फारच उंच कान येत असतील तर पत्रा बदलण्याचा विचार करा.

३०४ स्टेनलेसमध्ये एक वेगळंच संकट येतं. जॉब संध्याकाळी तपासून पास होतो आणि दुसऱ्या दिवशी कडेपासून खाली उभी चीर गेलेली दिसते. ओढकामात या स्टीलचा काही भाग मार्टेन्साइट या कडक, चुंबकाला ओढणाऱ्या रूपात बदलतो आणि कडेजवळ ताण अडकून राहतो. चुंबक लावून बघा: कोऱ्या पत्र्याला तो जवळजवळ चिकटत नाही, ओढलेल्या भिंतीला ओढला जातो. यावर उपाय म्हणजे दोन ड्रॉच्या मध्ये ॲनीलिंग (भट्टीत तापवून पत्रा मऊ करणं), किंवा जास्त निकेल असलेला, कमी बदलणारा ग्रेड.

ॲनीलिंग करताना भट्टीत जास्त वेळ ठेवला की धातूचे दाणे मोठे होतात आणि पुढच्या ड्रॉनंतर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. पॉलिश करून तो लपवण्यापेक्षा भट्टीचं तापमान आणि वेळ तपासा.

बेंडिंग: पत्रा मोजल्याशिवाय कोन जुळवू नका

कोन सकाळी बरोबर आणि दुपारी दीड अंश उघडा येत असेल तर मशीनला दोष देण्याआधी मायक्रोमीटर घ्या. नवा गठ्ठा लागला असेल, जाडी किंवा ताकद बदलली असेल. ताकद जास्त तितका पत्रा जास्त मागे उघडतो. ॲल्युमिनियमची लवचिकता स्टीलच्या जवळपास तिप्पट, त्यामुळे तेवढ्याच ताकदीचा ॲल्युमिनियमचा पत्रा अधिक उघडतो. स्टीलवर जुळवलेली सेटिंग त्याला चालत नाही.

एअर बेंडिंगमध्ये (पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना) आतली गोलाई लहान हवी म्हणून टोकदार पंच लावतात, तिथेही गफलत होते. ही गोलाई मुख्यतः व्ही डायचं तोंड, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेची वरची रुंदी, ठरवतं. माइल्ड स्टीलमध्ये ती तोंडाच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी येते. तोंड जाडीच्या ८ पट धरण्याचा नेम आहे. २ मिमी पत्रा, १६ मिमी तोंड, तर मीटरमागे साधारण १६ टन लागतात. त्याच डायवर ३ मिमी पत्रा टाकला की जोर जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३६ टन. डाय फुटतात ते असेच.

बाहेरच्या बाजूला बारीक चिरा दिसल्या तर बेंडची रेघ रोलिंगच्या दिशेला समांतर आहे का ते बघा. ब्लँक आडवा करून ठेवला की बरेचदा प्रश्न सुटतो. ते जमत नसेल तर गोलाई वाढवा. बरची बाजू बेंडच्या आत ठेवा. बाहेर राहिली तर ताण तिच्यावर येतो आणि चीर तिथूनच उघडते.

ब्लँकिंग: कापलेली कड वाचा

ब्लँकिंग म्हणजे पंच आणि डायने पत्र्यातून तुकडा कापणं. कापलेल्या कडेवर आधी थोडी गोलाई, मग चकचकीत पट्टा, मग खरखरीत तुटलेला भाग आणि शेवटी बर. माइल्ड स्टीलला एका बाजूचा क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के ठेवतात. गोलाई मोठी आणि बर उंच असेल तर क्लिअरन्स जास्त आहे. चकचकीत पट्टा दोनदा दिसत असेल तर तो कमी आहे. बर एकाच बाजूला असेल तर पंच आणि डाय मध्यावर नाहीत. १ मिमीसाठी बनवलेल्या टूलवर २ मिमी कापला की क्लिअरन्सची टक्केवारी निम्मी होते, हे घाईत विसरलं जातं.

टूल बनवतानाही माप कुणाला द्यायचं यात गोंधळ होतो. बाहेर पडणारा तुकडा जॉब असेल तर डाय जॉबच्या मापाचा करा आणि क्लिअरन्स पंचमधून काढा. भोक हवं असेल तर पंच भोकाच्या मापाचा, क्लिअरन्स डायमध्ये.

आणि पत्रा मागवताना फक्त जाडी लिहून थांबू नका. ग्रेड, यील्ड (किती ताणाला पत्रा कायमचा वाकतो) आणि इलाँगेशन (तुटेपर्यंत किती ताणतो) मागा, ड्रॉइंगचं काम असेल तर आर व्हॅल्यूही (ताणताना पातळ व्हायला पत्रा किती विरोध करतो त्याचं माप). प्रत्येक गठ्ठ्याचं सर्टिफिकेट त्या दिवसाच्या सेटिंगच्या नोंदीशेजारी लावून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी चीर आली की पत्रा बदलला की सेटिंग, हे तिथल्या तिथे कळेल.