बॅटरी पंप मधेच बंद पडतो? आधी पार्किंगचा बल्ब शोधा

पाठीवरचा बॅटरी पंप फवारता फवारता थांबतो, बुडाला थाप मारली की पुन्हा सुरू होतो. दुकानात नेला की मात्र शहाण्यासारखा चालतो, आणि चांगल्या बॅटरीच्या जागी नवी बॅटरी गळ्यात पडते. खरं तर 12 व्होल्टच्या या सर्किटमध्ये भाग मोजकेच: बॅटरी, फ्यूज, बटण, रेग्युलेटर, प्रेशर स्विच, मोटर.

टाकी धुऊन साधं पाणी भरा. वायरींवरही औषध असतं, हातमोजे घाला.

मोटर ठरावीक लयीत टकटक करत चालू-बंद होत असेल, तर बहुधा नोझल तुंबलंय. दाब चढला की प्रेशर स्विच मोटरचा करंट तोडतो, ते त्याचं कामच आहे. नोझल काढून चालवा. थांबणं गेलं तर वायरींना हातही लावू नका.

नाही गेलं, तर मोटरसायकलच्या पार्किंगचा 12 व्होल्ट 5 वॅटचा बल्ब घ्या. पंपाकडे येणाऱ्या दोन वायरींना, प्रेशर स्विचच्या अलीकडे (बॅटरीच्या बाजूला), तो जोडा आणि रेग्युलेटर फुल ठेवून पंप चालवा. मोटर थांबली तेव्हा बल्ब पेटलेलाच असेल, तर दोष प्रेशर स्विच किंवा मोटरमध्ये. बल्बही विझला, तर दोष बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वाटेवर. अर्धं सर्किट इथेच सुटलं.

वाटेवरचा दोष मल्टिमीटरच्या बीपवर (वायर सलग आहे का, ते सांगणाऱ्या चाचणीवर) शोधू नका. बीपला जेमतेम काही मिलीअँपियर लागतात. एका तारेवर लटकलेली वायरही त्यात पास होते. मोटरने दोन-अडीच अँपियर मागितले की तीच मान टाकते. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा आणि मोटर चालू असताना एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना प्रोब लावा. चांगल्या जोडावर 0.1 व्होल्टच्या आत दिसतं. अर्धा व्होल्ट दिसला की चोर सापडला. सगळे जोड ठीक असून मोटर चालू असताना बॅटरीच्याच टोकांवर 11 व्होल्टच्या खाली येत असेल, तर पूर्ण चार्ज करून पुन्हा बघा. तरी पडलं तर बॅटरी गेली.

जोडांमध्ये पहिला संशय बॅटरीच्या थिंबलवर, म्हणजे वायरच्या टोकाला असलेल्या धातूच्या टोपीवर. ओढून काढलं की आत पांढरी-हिरवी पूड दिसते. बोर्डो मिश्रण मारणाऱ्यांकडे तर त्यातलं मोरचूद थिंबल खाऊनच टाकतं. नुसतं ढिलं असेल तर पकडीने हलकं दाबा, हिरवं पडलं असेल तर नवं लावा. वायर सोलल्यावर तांबं काळं निघालं, तर चकचकीत लागेपर्यंत कापत मागे जा, कारण काळ्या तांब्यावर सोल्डर बसत नाही. मग फ्यूजची स्प्रिंग बघा. काचेचा फ्यूज शाबूत दिसला तरी त्याची टोपी हलते का, ते तपासा. चांदीचा कागद गुंडाळायचा मोह आवरा: शॉर्ट झाल्यावर बॅटरी वायर पेटवू शकते.

मोटरच्या बाजूला दोष असेल तर गन (फवारणीचा खटका) उघडी ठेवून प्रेशर स्विचच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना टेकवा. गन बंद असेल तर दाबाने पाइप निसटेल. मोटर फिरली तर स्विच बदला. तरी फिरली नाही, पण मोटरवरच टिचकी मारल्यावर फिरली, तर कार्बन ब्रश झिजलेत किंवा अडकलेत. या छोट्या मोटरी उघडण्यापेक्षा बदललेल्या परवडतात.

दुरुस्तीनंतर बल्ब लगेच काढू नका. दहा मिनिटं पंप चालवा, प्रत्येक वायर हलवा, टाकी हिंदकळवा. बल्ब एकदाही लुकलुकला, तर आणखी एक जोड राहिलाय.