माहेरी सुरू झालेल्या लसी ठाण्यात कशा पूर्ण कराव्यात

बाळंतपण माहेरी झालं, म्हणून बीसीजी (क्षयाची लस) आणि पोलिओचा शून्य (जन्मल्यावर लगेचचा) डोस तिकडेच. बाळ दिव्याला, कळव्याला किंवा तुर्भ्याला येतं तोवर दीड महिन्याच्या लसींची तारीख बहुधा उलटून गेलेली असते. घाबरू नका. डोस लांबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. जिथे थांबलं तिथून पुढे न्यायचं, दोन डोसांत किमान ४ आठवडे, काही लसींना ८, ठेवून.

१. गाव सोडताना माता-बाल संरक्षण कार्ड पर्समध्ये ठेवा, सामानाच्या बोचक्यात नको. लसींच्या पानाचा फोटो काढा. यू-विनवरची (सरकारी लसीकरण पोर्टलवरची) नोंद कोणाच्या मोबाइलवर आहे तेही विचारून घ्या. ती बरेचदा मामाच्या नाहीतर आजोबांच्या नंबरवर असते, मग इथे तुमचा नंबर टाकून बाळ सापडत नाही.

२. इथे आल्यावर वस्तीतल्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला गाठा. जवळचं नागरी आरोग्य केंद्र आणि सत्राचा वार त्यांना पाठ असतो. लस मोफत आहे. सत्र सुरू होतानाच पोहोचा. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा कालवली की ४ तासांनी टाकून द्यावी लागते. त्यामुळे शेवटी आलेल्या एकट्या बाळासाठी नवी कुपी फोडायला कधीकधी का-कू होते. नियमाने मात्र एका बाळासाठीही कुपी फोडायची असते, हे सिस्टरना नम्रपणे सांगायला हरकत नाही.

३. कार्ड उघडून हिशेब मांडा. ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटा (पाच रोगांची एकच सुई), पोलिओचे थेंब आणि रोटा (जुलाबावरची तोंडाने द्यायची लस). त्यातल्या ६ आणि १४ ला इंजेक्शनचा पोलिओ (एफआयपीव्ही) आणि न्यूमोनियाची पीसीव्हीही. म्हणजे त्या दिवशी तीन सुया: एक दंडात, दोन मांड्यांत. "एक आज, बाकी पुढच्या वेळी" असं आजी म्हणतातच, पण एका दिवशी सगळ्या देणं सुरक्षित आहे आणि खेपही वाचते. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, एफआयपीव्हीचा तिसरा डोस, पीसीव्हीचा बूस्टर आणि अ जीवनसत्त्व १ मिली. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) व पोलिओचे बूस्टर, शिवाय अ जीवनसत्त्व २ मिली.

उशिरालाही हद्द आहे. बीसीजी वर्षाच्या आतच. पेंटा, रोटा आणि पीसीव्हीचा पहिला डोस वर्षाच्या आत पडला तर उरलेले पुढेही देता येतात. गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत चालते. पल्स पोलिओचे थेंब जादाचे असतात, कार्डावरची जागा त्यांनी भरत नाही.

साधी सर्दी, खोकला किंवा बारीक ताप असेल तरी जा. खूप ताप असेल तर थांबा.

४. लस झाल्यावर अर्धा तास केंद्रातच बसा. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते सिस्टरकडून वजनानुसार लिहूनच घ्या. सुईची जागा चोळू नका. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन पाणी येतं, तिथे मलम नको, हळद तर नकोच.

५. शाळेत गेल्यावरही दोन-तीन सुया बाकी असतात, आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात. ५-६ वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर, १० आणि १६ वर्षांना टीडी (धनुर्वात व घटसर्पाची लस). टीडी साधारण पाचवी-दहावीत शाळेतच देतात, पण संमतीपत्र दप्तराच्या तळाशी चुरगळलेलं सापडतं. सहीसाठी रोज दप्तर बघा. त्या दिवशी मुलाला उपाशी पाठवू नका. मोठ्या मुलांना सुईच्या धास्तीने भोवळ येते, म्हणून बसवूनच लस द्यायला सांगा.

वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन डोळे, दात, कान, हृदय, वजन तपासतं. त्यांनी संदर्भ चिठ्ठी दिली तर ती लसीच्या कार्डातच खोचून ठेवा आणि पुढच्या तपासणीला दोन्ही एकत्र न्या.