जलरंगासाठी गावाचं स्केच: आधी पांढरं ठरवा

गावातलं दृश्य रंगवायचं ठरलं की मी स्केचमध्ये पहिल्यांदा एकच गोष्ट शोधते: कागद कोरा कुठे राहणार? जलरंगात उजेड म्हणजे कागदाचाच पांढरेपणा. त्यावर एकदा रंग चढला की तो पूर्णपणे परत मिळत नाही. म्हणून हे स्केच सुंदर दिसलं नाही तरी चालेल. घरी रंगवायला बसल्यावर त्यातून उत्तरं मिळाली पाहिजेत.

साहित्य थोडंच लागतं. एक वही, २बी आणि ४बी पेन्सिल, बसायला काहीतरी. खोडरबर नकोच. रेघ चुकली तर शेजारी दुसरी ओढा.

चौकट मात्र आधी आखून घ्या. क्वार्टर शीटवर, म्हणजे ११ × १५ इंचांवर, रंगवणार असाल तर वहीत ५.५ × ७.५ इंचांची चौकट काढा. प्रमाण तेच राहिलं की चित्र मोठं करताना घरं ताणली जात नाहीत.

आता डोळ्यांची पातळी. चित्रात डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी रेषा हलकी ओढा आणि ती कुठे आहे ते विसरू नका. समोर लांब जाणाऱ्या भिंतीची वरची कड या रेषेकडे उतरत जाते, पायथा तिच्याकडे चढत जातो. गल्लीतली माणसंही याच रेषेवर बसवायची. तुम्ही उभे असाल आणि जमीन सपाट असेल, तर तुमच्याएवढ्या उंचीच्या जवळच्या-लांबच्या सगळ्यांची डोकी साधारण त्याच रेषेवर येतात, फक्त पाय वर-खाली होतात. तुम्ही बसून काढत असाल तर ती रेषा उभ्या माणसांच्या छाती-पोटातून जाते. हे एवढं सांभाळलं तरी माणसं हवेत तरंगत नाहीत.

मग सावल्या. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तो तुमच्यासाठी थांबणार नाही. म्हणून घराचे तपशील भरण्याआधी सावल्यांच्या कडा आखून टाका, कोपऱ्यात उजेडाच्या दिशेचा बाण काढा आणि वेळ लिहा. अर्ध्या तासाने सावली कितीही मोहक दिसली तरी बदलू नका. दोन वेळांचा उजेड एका चित्रात आला की भिंती खोट्या वाटतात.

छटा तीनच ठेवा: कोरा कागद, मधली, गडद. डोळे किलकिले करून पाहिलं की बारकावे विरतात आणि छटा वेगळ्या दिसतात. कौलारू घर घ्या. उन्हातलं छप्पर कोरं, सावलीतली भिंत मधली, वळचणीखालची पट्टी आणि उघड्या दाराच्या आतला अंधार गडद. वळचणीची सावली भिंतीवर पडते तिथे तिची कड धारदार असते. ती ४बीने ठामपणे ओढा. छपरामागच्या झाडाची कड मात्र काही ठिकाणी आकाशात मिसळू द्या आणि तिथे ‘ओलं’ असं लिहा. रंगवताना तिथे ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग, असं काम करायचं, हे लगेच आठवतं. कौलं एकेक मोजत बसू नका. छपराच्या कडेला चार-पाच दाखवली की उरलेली कौलं नजरच भरून काढते.

रंगांची नोंद शब्दांत करा, पण नुसतं ‘तपकिरी’ लिहून काम भागत नाही. ‘भिंत खाली ओलसर हिरवट, वर मातकट पिवळी’ असं लिहा. इंग्लिश चित्रकार टर्नर प्रवासात बहुतेक पेन्सिलनेच वह्या भरायचा आणि रंगकाम पुष्कळदा नंतर करायचा. त्याच्या शेकडो वह्या लंडनच्या टेट संग्रहात आहेत. फोटो काढायचा तर खुशाल काढा, पण स्केच झाल्यावर. फोटोत सावल्या अनेकदा काळ्याठिक्कर येतात. सावलीत डोळ्यांना दिसलेला निळा-जांभळा रंग वहीतच उतरवावा लागतो.

घरी ३०० जीएसएमच्या (जाड) कागदावर रेषा अगदी हलक्या हाताने उतरवा. तिथे फार खोडलं तर कागदाचा पृष्ठभाग दुखावतो आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, डागाळतो. घरं, झाडं, माणसं एवढंच आखा. सावल्यांच्या कडा पेन्सिलने आखू नका. स्केच समोर उभं ठेवून त्या थेट ब्रशने घ्या.