बॅटरी-वेल्डिंगचं काम करता? मग हृदयाचं पण पाहा

बुटीबोरी, हिंगणा, ताडाळीकडं कंपनीत जाणारी पोरं अन् गावातच स्टँडजवळ बॅटरीचं नाहीतर वेल्डिंगचं दुकान टाकून बसलेले भाऊ, दोघांसाठीही लिहून राहिलो. धातूची धूळ म्हटली की सगळ्यांना फुप्फुसच आठवते. पण शिसं, कॅडमियम रक्तात गेलं की रक्तवाहिन्या खराब होतात, शिशानं तर बीपीही चढते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२३ मध्ये हे दोन अन् आर्सेनिक, तिन्ही हृदयरोगाला हातभार लावतात असं सरळ सांगितलं.

सगळ्यात पहिले हात. बॅटरी फोडली, काळ्या प्लेटा काढल्या, हात पँटीला पुसला, खर्र्याची पन्नी सोडली अन् चिमूट गालात! झालं, शिशाची भुकटी डायरेक्ट पोटात, मास्क कितीही भारी असला तरी काय कामाचा. साबणानं नखांपर्यंत हात धुवा, चूळ भरा, मगच डबा उघडा, अन् डबा कामाच्या जागी ठेवूच नका. उपाशीपोटी शिसं जास्त शोषल्या जाते म्हणून सकाळी काहीतरी खाऊनच निघा. खर्रा सुटला तर सोन्याहून पिवळं, कारण तंबाखूत कॅडमियम असतेच, वरून निकोटीननं बीपी चढते.

दुपट्टा तोंडाला बांधून भागत नाही, जाडी धूळ अडते, धूर सरळ आत जाते. एन९५ घ्या, नाकाला घट्ट बसला पाहिजे, दाढीवर तो नीट बसत नाही. वेल्डिंग करताना वारा बाजूनं येईल असं बसा, धूर तोंडावरून गेला नाही पाहिजे. जुना रंग कोरडा घासू नका. झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडा. अन् सुट्टी झाली की कंप्रेसरच्या पाइपनं कपडे झटकायची जी सवय आहे ना, ती बंदच करा बावा, सगळी धूळ आपल्या अन् शेजारच्याच्या नाकात जाते. कपडे तिथंच बदला, घरी वेगळे धुवा, लेकराला त्या कपड्यांत उचलून घेऊ नका.

गूळ खाल्ला की धूळ निघते म्हणतात. घसा बरा वाटत असन, पण रक्तातलं शिसं गुळानं जात नाही.

बीपी आरोग्य केंद्रात फुकट मोजून मिळते. त्याआधी अर्धा तास चहा-खर्रा नको, पाच मिनिटं शांत बसा. १४०/९० च्या वर पुन्हा पुन्हा येत असन तर डॉक्टरला आपण काय काम करतो ते स्वतःहून सांगा, काऊन की ते बरेचदा विचारतच नाहीत. शिशाचं काम असन तर रक्तातल्या शिशाची टेस्ट मागा, ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर आलं तर शिसं येते कुठून ते शोधा. कंपनी तपासणी करत असन तर रिपोर्टची कॉपी घ्याच. काम सोडलं तरी शिसं हाडांत वर्षानुवर्षं राहते, म्हणून जुन्या कामगारांनीही बीपी पाहत राहा. शिसं काढायचं औषध डॉक्टरच ठरवन, भस्म-पुड्या घेऊ नका, त्यातल्या काहींत शिसंच सापडलं आहे.

छातीत दाबल्यासारखं झालं, घाम सुटला, डावा हात नाहीतर जबडा दुखू लागला तर शिफ्ट संपायची वाट नको, १०८ लावा.